शाळा कुठली तुमची?

सेंट लुईसमध्ये दोन अनोळखी माणसं बोलायला लागली की तिसरा प्रश्न ठरलेला. आधी हवा, मग बेसबॉल, मग "हायस्कूल कुठलं तुमचं?" समोरचा सत्तरीचा असला, नातवंडांना शाळेत सोडून आलेला असला तरी हेच. कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही, धंदा कुणी विचारत नाही. हायस्कूल कळलं की बाकीचं आपोआप कळतं: माणूस गावाच्या उत्तरेचा की दक्षिणेचा, कॅथलिक की लुथरन, बाप कारखान्यात होता की बँकेत, आणि कातडी गोरी की काळी. विचारणारा पुन्हा साळसूद. त्याने बापड्याने काय विचारलं, तर शाळा.

अर्नेस्टीन गेन्सला या प्रश्नाची मनस्वी चीड होती. घरं विकणं हा तिचा धंदा, आणि या एका प्रश्नावर कितीजणांच्या तोंडावर दारं लागली हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

अर्नेस्टीन उत्तरेकडची, काळ्यांच्या वस्तीत वाढलेली. ऐन उमेदीची वर्षं तिने पोस्टात टपाल लावत काढली. नवरा गेला, मुलगा सैन्यात गेला, आणि चाळिशी उलटल्यावर एके दिवशी तिने पोस्टाला रामराम ठोकला, घरं विकायच्या परवान्याची परीक्षा दिली आणि थेट दक्षिणेकडे, जेरी हॅलोरनच्या घरविक्रीच्या कचेरीत जाऊन बसली. भावाने विचारलं, "तिकडे? त्या लोकांत?" ती म्हणाली, "इकडची घरं विकायला माणसं आहेत. तिकडची घरं आपल्या माणसांना दाखवायला कोण आहे?"

जाहिराती ती स्वतः लिहायची आणि तिचा नियम एकच: घराबद्दल लिहायचं, माणसांबद्दल अवाक्षर नाही. कायदाही तेच सांगतो. वंश, धर्म, मूळ देश, बाई की पुरुष, पदरी मुलं आहेत की नाहीत, अपंगत्व, यांतलं काही बघून घर विकायचं नाही, आणि तसा नुसता वास येईल असंही जाहिरातीत लिहायचं नाही. पण हे घर विकणाऱ्याच्या गळी कोण उतरवणार? जो तो आपल्या गल्लीच्या प्रेमात. एका गृहस्थाने तिला सांगितलं, "लिहा, सभ्य कुटुंबांची शांत गल्ली."

"विकायला काय काढलंय?" अर्नेस्टीनने विचारलं. "घर की कुटुंबं?"

"अहो, पण खरंच सभ्य आहेत."

"असू देत की. त्यांची जाहिरात ते करतील. तुमच्या छपराचं सांगा. गळतं का?"

गृहस्थ हसला, पण वाक्य गेलं. 'तरुण जोडप्यासाठी उत्तम' हेही ती खोडायची. 'चर्चला पायी जाता येतं' हेही. उलट खिडक्यांत ऊन कधी येतं, घर तापवायची भट्टी कधी बदलली, जिन्याचा कठडा कुठल्या लाकडाचा, हे ती असं लिहायची की वाचणाऱ्याला घरात फिरून आल्यासारखं वाटावं. कचेरीतली बाकीची मंडळी तिला मागून 'मास्तरीण' म्हणायची. तिला ते माहीत होतं आणि त्याचं तिला काडीचंही वाटत नव्हतं.

हा ताठा काही परीक्षेच्या पुस्तकातून आलेला नव्हता. ती लहान असताना, असला कायदा व्हायच्याही आधी, तिच्या वडिलांनी वर्तमानपत्रात एका घराची जाहिरात पाहिली. फोन केला तर मालक गोड बोलला, रविवारी या म्हणाला. सगळे चर्चच्या कपड्यांत गाडीत बसून गेले. मालकाने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाला, विकलं, आत्ताच विकलं. वडिलांनी हॅटला हात लावला आणि मागे फिरले. पण त्यानंतर कित्येक रविवार चर्चमधून येताना ते मुद्दाम लांबचा रस्ता धरायचे आणि त्या घरापाशी गाडी हळू करायचे. अंगणात 'विकणे आहे'ची पाटी तशीच उभी असायची. आई म्हणायची, "कशाला जीव जाळून घेताय?" वडील म्हणायचे, "पाहू दे पोरांना. खोटं दिवसाढवळ्या कसं दिसतं ते पाहू दे." मागच्या सीटवर बसून अर्नेस्टीनने ते पाहिलं होतं, आणि पाहिलेलं ती विसरणाऱ्यांतली नव्हती.

तर त्या वर्षी हिवाळा सरता सरता जेरी हॅलोरनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि रोझली वेसबेकरचं घर अर्नेस्टीनच्या वाट्याला आलं. एरवी ते तिच्या हाती लागतं कशाला? रोझली ऐंशीच्या पुढची, विधवा, सेंट गेबहार्ड चर्चच्या सावलीत जन्मून तिथेच म्हातारी झालेली जर्मन बाई. लाल विटांचं घर, दारावर रंगीत काच, तळघरात दुसरं स्वयंपाकघर, कारण वरचं घाण कशाला करायचं. मुलगी कॅन्सस सिटीला राहायची आणि आईला कायमचं तिकडे बोलावत होती.

आता सेंट गेबहार्डच्या घरांची रीत अशी, की ती पाटी लागायच्या आधीच विकली जायची. ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशाची पंगत असते. जेरीचे वडील तिथे बसायचे, त्यांच्या मागे जेरी बसायला लागला. "अमक्या आजी घर काढतायत बरं का," एवढंच तो शेजारच्याला म्हणायचा, आणि कागदी ताटलीतला मासा संपेपर्यंत घर कुणाला जाणार हे ठरून जायचं. बाहेरच्या माणसाला घर विकायला होतं हेच कळायचं नाही, त्यामुळे कुणाला तोंडावर नाही म्हणायची वेळच येत नसे. केवढी सोय.

अर्नेस्टीनने पहिल्याच दिवशी अंगणात पाटी ठोकली, जाहिरात गावभर दिली आणि मगच रोझलीकडे कॉफीला बसली. रोझलीला ती आवडली. अर्नेस्टीनने लोण्याच्या चिकट केकचा दुसरा तुकडा मागून घेतला, तिथेच निम्मं काम झालं.

"खाणारी माणसं बरी," रोझली म्हणाली. "हे बघ पोरी, माझी अट एकच. घर आपल्या चर्चच्या माणसाला जायला हवं."

पोरी म्हणे. अर्नेस्टीनला नातू झाला होता. तिने तो शब्द केकबरोबर गिळला.

"मिसेस वेसबेकर, ही अट मला घेता येत नाही. तुम्हालाही घालता येत नाही."

"का म्हणून? घर माझं आहे."

"तुमचंच आहे. पण एकदा विकायला काढलं की दारात कुणीही येऊ शकतं."

"मग रविवारी मी आपली इथे खुर्ची टाकून बसते. घर बघायला येणाऱ्यांना केक देते आणि शाळा विचारते. शाळा विचारायलाही बंदी आहे की काय?"

"रविवारी तुम्ही बहिणीकडे जाताय," अर्नेस्टीन म्हणाली. "आणि शाळा विचारायची नाही. कुणालाही."

"तू बाई फार कडक."

"भट्टी चांगली चालते तुमची, छप्पर नवं आहे. घर आपलं आपण विकलं जाईल. तुम्ही निवांत बहिणीकडे पत्ते खेळा."

रोझली फणफणली, पण गेली. तिला गाडीत बसवून देताना अर्नेस्टीनच्या मनात एक गोष्ट आली आणि काट्यासारखी रुतून बसली. इतकं येणं-जाणं झालं, इतका केक झाला, पण या बाईने आपल्याला शाळा कधीच विचारली नाही. शाळेवरून जे काढायचं असतं ते तिला दार उघडल्या उघडल्या दिसलं होतं.

रविवारी घर बघायला झुंबड उडाली. त्यात गॉर्डन केलर होता, त्याची बायको योलांडा होती आणि शाळकरी मुलगी. बाकीचे लोक रंगीत काच बघत उभे राहिले, गॉर्डन आधी तळघरात उतरला आणि भट्टीवर हात ठेवून कान लावून उभा राहिला. बीअरच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा तो. योलांडा तळघरातल्या स्वयंपाकघरातून हलेना. मुलगी तोवर वर जाऊन आपली खोली ठरवून आली होती. दुसऱ्या दिवशी जेवढ्या ऑफर आल्या त्यांत सरस त्याची होती, बँकेची संमतीही सोबत जोडलेली.

अर्नेस्टीनने सगळ्या ऑफर रोझलीपुढे ठेवल्या. रोझलीने चष्मा पुसून नाव वाचलं. "केलर," ती म्हणाली. "जर्मन नाव. आपल्यातला दिसतोय."

घेणारा कोण, दिसतो कसा, हे सांगणं अर्नेस्टीनच्या नियमात बसत नव्हतं. "ऑफर सगळ्यांत चांगली आहे," एवढंच ती म्हणाली.

"उद्या सांगते," रोझली म्हणाली. आणि त्याच संध्याकाळी, ऑफरच्या कागदावरचा नंबर फिरवून या बाईने गॉर्डनला फोन लावला.

सकाळी तिचा आवाज फोनमध्ये मावत नव्हता. "सापडला. सेंट वेन्डलिनचा आहे."

"तुम्ही शाळा विचारलीत," अर्नेस्टीन म्हणाली.

"अगं ऐक तर खरं. माझा भाऊ क्लेम सेंट वेन्डलिनचाच. मी म्हटलं, लॅटिनचे फादर बोनिफेस आठवतात का? तर म्हणतो कसा, 'मला आठवोत न आठवोत, त्यांची पट्टी माझ्या बोटांना आठवते.' हसून हसून पोट दुखलं माझं. क्लेमची बोटंही अशीच सोलवटलेली असायची. आणि दर रविवारी न चुकता मिसच्या प्रार्थनेला जातो. इथे आला की सेंट गेबहार्डलाच येणार, पोरीलाही इथल्याच शाळेत घालणार. आणखी काय हवं? घर त्यालाच द्यायचं."

सेंट वेन्डलिन म्हणजे गोऱ्या कॅथलिक पोरांची शाळा, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. उत्तरेकडच्या काळ्या कॅथलिक घरांतली दोन-चार हुशार मुलं दर वर्षी शिष्यवृत्तीवर, बस बदलत बदलत त्याच शाळेत जायची आणि त्याच पट्टीचा मार खायची, हे मात्र रोझलीच्या गावीही नव्हतं. गॉर्डन त्यांतलाच एक. शाळा ऐकून तिने माणूस रंगवला होता आणि तो माणूस तिच्या मनात घरात राहायलाही आला होता.

अर्नेस्टीनने केलरचे कागद पुढे ओढले. "मग आत्ताच सही करून टाका. मी कागद घेऊन येते."

"घाई काय आहे? शनिवारी बायको-मुलीला घेऊन केक खायला बोलावलंय त्याला. समोरासमोर बसून करू."

"आजच करू या, मिसेस वेसबेकर."

"शनिवारी म्हटलं ना."

अर्नेस्टीन एक वाक्य बोलली असती तर सगळं उघड झालं असतं. ते वाक्य ती बोलली नाही. दारात कोण उभं राहणार हे आधी सांगणं म्हणजे दार लावायला सवड देणं, आणि ते काम तिने आजवर कुणासाठी केलं नव्हतं.

शनिवारी ती लवकर जाऊन स्वयंपाकघरात बशा मांडत होती. बेल वाजली. रोझली मोत्यांच्या कुड्या घालून दाराकडे गेली. दार उघडल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काहीच नाही. ना 'या', ना 'बसा'. अर्नेस्टीन हातातली बशी धरून तशीच थांबली. मग रोझलीचा आवाज आला, "हां. बरं. या."

रोझलीने केक असा कापला की तुकड्यातून पलीकडचं दिसावं. गॉर्डन फादर बोनिफेसच्या गोष्टी सांगत होता, ती नुसतं हं हं करत होती. मुलीने विचारलं, वर जाऊन खोली पुन्हा बघू का? "आज नको," रोझली म्हणाली, "वर पसारा पडलाय." वर कसला आलाय पसारा? अर्नेस्टीनने स्वतः आवरलं होतं. कॉफी निवायच्या आत केलर मंडळी उठली. फाटकापाशी गॉर्डनने विचारलं, "सह्यांचं कसं काय, मिस अर्नेस्टीन?"

"सोमवारी कळवते," ती म्हणाली. जे असेल ते खरंच कळवायचं, हे तिने तिथे फाटकातच ठरवलं.

आत आल्यावर रोझलीने तिच्याकडे पाठ करून बशा विसळायला घेतल्या. "मला घर विकायचं नाही. मन बदललं. म्हाताऱ्या माणसाचं बदलतं." आणि अर्नेस्टीन कचेरीत पोचायच्या आत तिने जेरीला फोनही केला होता.

जेरी कुबडी टेकत आला आणि दार लावून बसला. "हे बघ अर्नेस्टीन, यात डोकेफोड करण्यासारखं काही नाही. अंगणातली पाटी काढ. त्या केलरला सांग, म्हातारीची मुलगी म्हणते थांब, घर बाजारातून काढलं. झालं."

"आणि शुक्रवारी माशाच्या पंगतीत तू कुणाशी बोलणार?"

जेरी कुबडीची मूठ चाचपत बसला. "मी काही वाईट माणूस नाही."

"ते कुणी विचारलं? मी विचारलं, कुणाशी बोलणार."

"अगं, तिची जन्माची माणसं आहेत तिथे. तिला त्यांच्यात तोंड दाखवायचंय. आणि तुझं नुकसान मी होऊ देतो का? या भागातली पुढची घरं तुझी. जेरी हॅलोरनचा शब्द आहे."

खोटं कशाला बोला, क्षणभर तिच्या मनात ती घरं उभी राहिली. लाल विटांची, एकाला एक लागून, सगळ्यांच्या अंगणात तिच्या नावाची पाटी. पोस्टातून उठून ती याचसाठी तर आली होती. मग तिला गाडीची मागची सीट आठवली आणि हळू झालेली गाडी.

"जेरी, 'आत्ताच विकलं' हे वाक्य मी लहान असताना माझ्या बापाला कुणीतरी ऐकवलं होतं. आज तू तेच माझ्या तोंडून वदवायला बघतोयस. मी पाटी काढणार नाही. तू काढलीस तर का काढली ते त्या माणसाला सांगणार."

"माझ्या कचेरीत बसून?"

"बघू," म्हणून ती उठली.

सोमवारी सकाळी ती रोझलीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. कोट काढला नाही, पण खुर्ची पुढे ओढून घेतली. कागद टेबलावर ठेवले.

"जेरीने सांगितलं नाही का तुला?" रोझली म्हणाली.

"सांगितलं. मला तुमच्याकडून ऐकायचंय. केलरना घर का द्यायचं नाही?"

"मन बदललं म्हटलं ना."

"तुम्हाला चर्चचा माणूस हवा होता. हा चर्चचा आहे. तुम्हीच मला सांगितलंत. शाळा हवी होती, ती क्लेमची निघाली. कामधंद्याचा हवा होता, तो आहे. शनिवारी दुपारी असं काय झालं?"

"तू मला आधी सांगायला हवं होतंस," रोझली एकदम तडकली.

"काय सांगायला हवं होतं?"

रोझलीने कप उचलून पुन्हा बशीत ठेवला.

"बोला ना," अर्नेस्टीन म्हणाली. "मी काय सांगायला हवं होतं? मी समोर बसलेय. माझ्या तोंडावर बोला."

रोझलीने खिडकीकडे बघितलं, कपाकडे बघितलं, टेबलावरचा नसलेला चुरा बोटाने गोळा केला. शब्द काही निघेना. निघाला असता तर तो समोर बसलेल्या बाईलाच लागला असता, हे कळण्याइतकी ती शहाणी होती. मग ती म्हणाली, "मी तशी बाई नाही गं. दवाखान्यातल्या त्या नर्सला मी दर नाताळात बिस्किटं देते."

"छान करता. बिस्किटांचं नाही चाललंय."

"तुला काय जातंय बोलायला. शेजारची डोलोरेस काय म्हणेल? चर्चमध्ये सगळी काय म्हणतील? की रोझली जाता जाता काय करून गेली."

"काहीतरी म्हणतील. मला तर नेहमीच काहीतरी म्हणतात, मी जिवंत आहे."

"मला तो नकोय शेजारी, बस. माझ्या मनाचं मी काय करू?"

"काही करू नका," अर्नेस्टीन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण आता त्यात लाडीगोडीही उरली नव्हती. "त्यांच्यावर प्रेम करा असं कायदा सांगत नाही. त्यांना जेवायला बोलवा असंही सांगत नाही. त्यांनी चांगली ऑफर दिली, तुम्ही फोनवर हो म्हणालात, तर घर त्यांना विका, एवढंच सांगतो. तुमच्या मनात काय आहे ते तुमच्यापाशी ठेवा. त्याला मी हात लावत नाही."

"आणि नाही सही केली तर?"

"तर मी उठते, जाऊन केलरना कारण सांगते. मग ते तक्रार करतील आणि शहराच्या कचेरीत साहेबासमोर तुम्हाला हाच प्रश्न विचारला जाईल, शनिवारी काय झालं. तिथेही असंच गप्प बसाल का?"

रोझली रडली नाही. अर्नेस्टीनला मात्र तिची कीव आली, हेही सांगायला हवं. ऐंशी वर्षं एकाच घंटेच्या आवाजात राहिलेल्या माणसाला बाहेरचं ऐकू येत नाही. पण कीव आली म्हणून ती खुर्चीवरून हलली नाही. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत राहिलं, बाहेर डोलोरेसने फडकी झटकली, आत गेली, तरी ही आपली बसलेली.

"पेन दे," रोझली शेवटी म्हणाली. "पण ताब्याची तारीख अलीकडे घे. ईस्टरच्या आधी मी इथून निघणार. मला कुणाची तोंडं बघायची नाहीत."

"घेते."

तिने सही केली. कागद सरकवताना ती म्हणाली, "तू माझ्याशी चांगलं नाही वागलीस, पोरी."

"माझं नाव अर्नेस्टीन आहे," अर्नेस्टीन म्हणाली. तिने शाई वाळू दिली आणि कागद उचलले.

तारीख बदलली म्हणजे केलर नवरा-बायकोची त्या कागदावर नव्याने सही लागणार होती. दुपारी दोघं कामावरून परस्पर कचेरीत आली. ती यायच्या आधी जेरीने अर्नेस्टीनला गाठलं. "झालं ना तुझ्या मनासारखं? मिळालं ना त्याला घर? आता तोंडाला कुलूप घाल. सुखासुखी त्यांच्या आनंदात माती कशाला कालवतेस?"

हे मात्र तिला लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. मुलीने भिंतींचा रंगसुद्धा ठरवलाय असं योलांडा फोनवर म्हणाली होती. पण घर त्यांचं होणार, तर त्या घरामागे काय घडलं तेही त्यांचंच. ते दाबून ठेवायचा हक्क अर्नेस्टीनला कुणी दिला? आणि जेरीला तर त्याहून नाही.

दोघं बसली. जेरी हसत हसत हात पुढे करून आला. अर्नेस्टीन म्हणाली, "सहीच्या आधी तुम्हाला एक सांगायचंय." आणि तिने सगळं सांगितलं. शनिवारी रोझलीने काय ठरवलं, कशामुळे ठरवलं, घर बाजारातून काढलं असं खोटं सांगायला आणि पाटी काढायला तिला कुणी सांगितलं, आज सकाळी सही कशी झाली. जेरी खाकरला, मग पुन्हा खाकरला.

गॉर्डनला धक्काबिक्का बसला नाही. "दार उघडलं तेव्हा त्या बाईंनी माझ्या मागे पाहिलं," तो म्हणाला. "फोनवर बोललेला माणूस मागून येतोय असं वाटलं त्यांना. मला तेव्हाच कळलं."

"आणि मला बोलला नाहीस?" योलांडा त्याच्याकडे वळली.

"पोरगी गाडीत होती. काय बोलू?"

योलांडा अर्नेस्टीनला म्हणाली, "म्हणजे नको असलेल्या जागी आम्ही राहायला जायचं."

"ते तुम्ही ठरवायचं. म्हणून तर सहीच्या आधी सांगितलं. नाही म्हणालात तरी मी तुमच्या बाजूनेच बोलेन."

योलांडाने कागद ओढून घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि नवऱ्याच्या आधी सही केली. "घरात दोन चुली आहेत," ती म्हणाली. "मला त्या हव्यात. ती बाई कॅन्सस सिटीला चाललीय, मी कशाला मागे हटू?" गॉर्डनने तिच्या खाली सही केली, टोपण लावलं आणि जेरीकडे बघितलं. "आता ते पाटीचं. याची तक्रार कुठे करायची असते, मिस अर्नेस्टीन?"

"गैरसमज होतोय," जेरी म्हणाला. "आपण बसून बोलू या. कॉफी मागवतो."

"शहराची कचेरी आहे त्यासाठी," अर्नेस्टीन म्हणाली. "साक्षीला मी येईन."

जेरीचा चेहरा उतरला आणि मग लालबुंद झाला. "आजच्या आज टेबल रिकामं कर, अर्नेस्टीन."

"सकाळीच केलंय, जेरी." तिने खुर्चीवरचा कोट उचलला आणि केलरांकडे वळली. "चला, ती कचेरी पाचला बंद होते."